बाजूच्या सीटवरून

ग्रँड जंक्शन सोडतानाच तिनं किल्ली मागितली.
परमिटला सात आठवडे झालेत, आई.
दिली.
डेल्टा, मॉन्ट्रोज, ओळंब्यात धरल्यासारखा रस्ता,
मक्याची शेतं, जुने ट्रॅक्टर विकायला उभे,
चर्चच्या पाटीतलं एक अक्षर गळलेलं.
मागच्या सीटवर तिची गोधडी, व्हायोलिन,
बुटांचे तीन जोड, पॅलिसेडच्या पीचची पेटी,
आणि डेन्व्हरच्या दुकानातून आणलेला
चिवड्याचा पुडा, तिच्या बाबांना आवडतो तो.

रिजवेला पेट्रोल भरलं.
टोपीला मासेमारीचा गळ टोचलेला म्हातारा
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाला,
दक्षिणेला चाललात? म्हणजे बाहेरची बाजू तुमची.
बाहेरची म्हणजे दरीची.
शाल्मलीनं मान हलवली, जशी काही
दर गुरुवारी इथून जाते.

यूरे संपलं आणि कठडा संपला.
नुसती पांढरी रेघ, रेघेपलीकडे
बोटभर खडी, खडीपलीकडे हवा.
आमच्या आंबोलीच्या घाटात कठडे होते गं,
काळे-पांढरे, निम्मे ढासळलेले, पण होते.
वळणावर हॉर्न द्यायची आज्ञा होती.
इथे कुणी देत नाही.
समोरचा दिसेपर्यंत समोर कुणी नसतं.

कठडा असला तर प्लाऊवाले बर्फ ढकलणार कुठे?
ती म्हणाली, डोळे रस्त्यावरून न हलवता.
बर्फाला वाट हवी
म्हणून माणसांना आडोसा नाही.
हे तिला कुणी सांगितलं?
मला न सांगता तिला किती माहीत झालंय,
याचा हिशेब करायला हा घाट नव्हे.

आई, पायानं काय करतेस?
काही नाही.
ब्रेक दाबतेयस.
माझ्या पायाखाली रबरी चटई होती,
तिच्यावर टाचेचा वळ उमटला होता.

खाली ओढा, गंज चढलेल्या रंगाचा.
खाणी बंद पडल्या, पाणी अजून
त्यांचंच काहीतरी वाहून नेतंय.
वर लाल डोंगर, कुणी खरवडून ठेवल्यासारखे.
एक आडवी फळकुटांची झोपडी, छताला आकाश.
आणि हिरव्या ॲस्पेनच्या रांगेत
एकच फांदी पिवळी. ऑगस्टचा मध्य.
घाई असते कुणाकुणाला.

खिंडीत पाटी: अकरा हजार अठरा फूट.
थांबलो. मागून फट्‌ असा आवाज नाही,
पण शाल्मली ओरडली, बघ!
चिवड्याचा पुडा फुगून टम्म, उशीएवढा,
आतले शेंगदाणे कोपऱ्यात घाबरून बसलेले.
आम्ही दोघी हसलो, इतकं हसलो
की एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, ठीक ना?
ठीक, म्हटलं. हवेचा दाब.

सिल्व्हरटनला पाय खाल्ला, रुबार्बचा, आंबट.
लॉरेटा नावाच्या वाढपिणीनं विचारलं,
गाडी कुणी चालवली?
मी बोट दाखवलं.
तिनं आणखी एक चमचा क्रीम घातलं, हिच्या ताटलीत.
मी माझी ताटली थोडी पुढे सरकवून पाहिली.
काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर अजून दोन खिंडी होत्या म्हणे.
मला आठवत नाहीत.
मोलासच्या तळ्याचं एक चकाकतं टोक आठवतं,
मग काचेला टेकलेलं माझंच डोकं.

जागी झाले तेव्हा इंजिन बंद होतं.
ड्युरँगो. ओळखीचा निळा दरवाजा,
अजून कुणी बाहेर आलेलं नाही.
ती हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती,
दहाला दहा, दोनला दोन, पुस्तकात असतात तसे.
का उठवलं नाहीस?
झोपली होतीस, म्हणाली.
मागे पुडा पुन्हा लहान झाला होता,
सुरकुतलेला, हाताला मऊ.

सामान तिनंच नेलं, तीन फेऱ्यांत.
पीचची पेटी अर्धी तिकडे, अर्धी माझ्याकडे,
मोजताना एक जास्त आला, तो तिनं खाल्ला
तिथेच, अंगणात, रस मनगटावरून कोपरापर्यंत.

उद्या परत जाताना माझी लेन डोंगराच्या बाजूची.
सगळे म्हणतात,
त्या दिशेनं भीती मुळीच वाटत नाही.