चिमटीचं वजन

गांगनुंगच्या हमरस्त्यावर, घाट उतरून संपतो तिथे
रात्रभर उघडी असते एक खानावळ.
यंत्राचा हात बसवायला मी गेलो
तेव्हा चुलीपाशी माल-सुन होती.

माल-सुन म्हणजे शेवटची.
चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं ठेवलेलं नाव,
आता पुरे, अशा अर्थाचं.
पाचवी झालीच नंतर, ती म्हणाली,
आणि मुळा चिरत राहिली.

मालक ब्योन यांनी वही उघडून दाखवली.
ताशी मजुरी दर जानेवारीत एक पायरी चढते,
कालवणाचा दर चढवला की ट्रकवाले
पुढच्या थांब्यावर जेवतात.
शिवाय दोन वर्षं दारावर पाटी :
स्वयंपाकाला माणूस हवं.
पाटीचा रंग उडाला, माणूस आलं नाही.
पिल-नाम गुडघ्यांपायी गेली,
ग्वी-रे लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली.
मालक वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकतो,
कारण एखादा वाईट माणूस सापडता
तर मला सोपं गेलं असतं.

माझं काम एवढंच, तिचं कालवण आकड्यांत उतरवायचं.
आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, चाळीस ग्रॅम.
पाणी, आच, मिनिटं, मुळ्याच्या चकतीची जाडी,
सगळं बसलं.
मीठ?
चिमूटभर, ती म्हणाली.

मी तराजूवर ताटली ठेवली. टाका.
एक पूर्णांक नऊ.
पुन्हा टाका. दोन पूर्णांक सहा.
पाच चिमट्या, पाच आकडे.
मी सरासरी काढायला लागलो, तशी ती म्हणाली :
पहिली कोवळ्या मुळ्याची.
दुसरी पहाटेच्या ड्रायव्हरांची, घाम गाळून आलेले असतात.
तिसरी देवळाला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या बसची.
चौथी चुकली.
आणि पाचवी, तुम्ही असे टक लावून बघताय ना,
त्याची.

मी लिहिलं : दोन.

आमच्याकडे एक शब्द आहे, सोन-मात.
हाताची चव.
कंपनीनं तो यंत्राच्या दंडावर छापलाय,
लाल अक्षरांत.

यंत्र चांगलं करतं. खोटं कशाला बोलू.
एकही वाटी परत आली नाही.
एक ट्रकवाला तर जाता जाता म्हणाला,
आज फक्कड जमलंय हं, मावशी,
आणि उष्ट्या वाट्या गोळा करता करता
माल-सुन म्हणाली, हो.

आठ तासांचे आता चार झालेत तिचे.
मनगटावरची औषधी पट्टी निघाली, अकरा वर्षांनी.
रात्री झोप लागते, म्हणते. पगाराचं काही म्हणत नाही.
पाळी संपली की ती यंत्राचा हात पुसते,
कोमट पाण्यानं, कोपरापासून बोटांपर्यंत.
लेकराला पुसावं तसं नाही हो,
खरकटं भांडं पुसावं तसं.

आठ महिन्यांनी फोन आला. हात मध्येच थबकतोय.
मी पहाटे तीनला पोचलो. डोळ्यावर तेलाचा थर बसला होता,
दोन मिनिटांचं काम.
ती मागच्या पायरीवर बसून डबा उघडत होती.
घरचं आहे, म्हणाली, या.
चमचा माझ्याच हातात दिला.

खारट.
जीभ आत ओढली जाईल इतकं खारट.
मी गिळलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती,
तेव्हा मी ताटलीकडे बघत होतो तशी.

घरी एकटीपुरतं करते, ती म्हणाली,
हाताला कळेनासं झालंय.
मग थोडं थांबून,
किती झालंय?
नक्की किती?

तराजू गाडीत राहिलाय, मी म्हणालो,
आणि डबा पुसून संपवला.