विषाची नोंदवही

हॉथरबीच्या चौकात त्यांनी नोव्हेंबरातच जून आणला.
खांबांना प्लॅस्टिकचे गुलाब, धुक्यावर पिवळे दिवे,
माझ्या दुकानावरची फ्लूच्या लशीची पाटी उतरवून
सोनेरी अक्षरांत: एलरशॉ आणि पुत्र, औषधविक्रेते.
कार्डाचं मशीन मेणकापडाखाली गेलं.
निळ्या बाटल्यांत रंगीत पाणी.
मला म्हणाले, तुम्ही मागच्या खोलीत बसा, हीटर लावलाय.

गोष्ट जुनीच. निम्म्या यॉर्कशरला खुनी पाठ आहे.
श्रीमंत मावशी, बदललेलं मृत्युपत्र, रात्रीचा कोको,
आणि औषधवाल्याकडची ती नोंदवही
जिच्यात कुणीतरी खोट्या नावानं सही करून
सोमल घेऊन गेलेलं असतं.

वहीसाठी त्यांना अक्षर हवं होतं.
कलाविभागातला कॅलम, कानात बाळी, बोटांना शाई,
माझी औषधाची चिठ्ठी बघून थबकला.
हे कुठं शिकलात?
मालवणात, म्हटलं, पेडणेकर बाईंच्या छडीखाली,
कित्त्याची बारा पानं, रोज.
मग त्यानं टाक दिला, दौत दिली, नावांची यादी दिली.
ऑर्मरॉड, बर्टविसल, विधवा थॅकऱ्हा.
कुणाला उंदरांसाठी, कुणाला वाळवीसाठी,
कुणाला गुलाबांवरच्या किडीसाठी.

यादी संपली तेव्हा पानावर एक ओळ उरली होती.

माझा नवरा असल्या मालिकांचा भारी शौकीन.
रविवारी रात्री गुडघ्यांवर गोधडी, वाटीत शेंगदाणे,
पहिल्या जाहिरातीच्या आधीच खुनी सांगून मोकळा,
आणि दर वेळी साफ चुकायचा.
त्याचा संशय कायम डॉक्टरवर.
औषधवाल्यावर कधीच नाही.
‘तो बिचारा फक्त सही घेतो,’ म्हणायचा,
आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

त्या रात्रीही शेंगदाणेच होते.
छातीत जळजळतंय म्हणाला.
मी खाली दुकानात जाऊन
पांढरं, पुदिन्याच्या वासाचं औषध आणलं,
दोन चमचे दिले,
आणि म्हटलं, सकाळी बरं वाटेल.

उरलेल्या ओळीत मी लिहिलं:
श्री. म. पेंडुरकर.
कशासाठी: छातीत जळजळ.
विकणाऱ्याच्या रकान्यात माझी अक्षरं, छोटी, नेटकी,
पेडणेकर बाईंनी पाठ थोपटली असती अशी.
कॅलमनं टीपकागद दाबला. वाचलं नाही.

मालिका लागली मार्चमध्ये.
सगळा गाव टीव्हीसमोर आपापली घरं शोधत होता.
खून कुणाला हवा होता?
पोस्टातली जोन ओरडली म्हणे, ती बघा माझी खिडकी!
नेमकं तेव्हाच मावशीनं कोको प्यायला.

चौकोन चष्म्याचा तो हुशार माणूस माझ्या दुकानात आला,
वही मागितली, काजळी लागलेला दिवा जवळ ओढला.
ज्याला बुटाच्या चिखलावरून परगणा कळतो,
राखेवरून सिगारेट, कपातल्या साखरेवरून वारस,
त्याचं बोट वरून खाली सरकत आलं.
ऑर्मरॉड. बर्टविसल.
मग पेंडुरकरवर आलं.
नखाखाली अर्धं नाव झाकलं गेलं.
चौतीस सालच्या हॉथरबीत हे नाव कुठून आलं,
आणि ज्यानं जळजळ विकत घेतली त्याचं पुढं काय झालं,
एवढंच विचारायचं होतं त्यानं.

मी शेंगदाणे हातात धरून बसले होते.

बोट पुढं सरकलं.
खालच्या ओळीतली खोटी सही सापडली,
संगीत वाजलं, त्याच्या भुवया वर गेल्या.
खुनी पुतणी निघाली.
पुस्तकात डॉक्टर होता. या वेळी त्यांनी बदललं होतं.
म्हणजे मालिका बदलूनही
माझ्या माणसाचा अंदाज चुकलाच.

दुसऱ्या दिवशी जोन खोकल्याचं औषध घ्यायला आली.
म्हणाली, काय सुंदर दिसलं गं तुझं दुकान.
मी पावती दिली. सही घेतली नाही, लागत नाही आता.

वही त्यांनी परत दिली नाही.
ती लीड्सच्या कुठल्याशा गोदामात आहे म्हणे,
नकली पिस्तुलं, मेणबत्त्या, टेलिफोन यांच्यात,
पुढच्या खुनाला लागेल म्हणून ठेवलेली.