अर्धचंद्र

अय्यूब फणसोपकर शुक्रवारी यायचा,
मिरकरवाड्यावरून चालत, चपलांना खवले चिकटलेले,
मजकूर लिलावाच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर.
उलटून पाहिलं तर सुरमई, इतके मण, इतके रुपये.
सुलटून पाहिलं तर
कुणा ऑर्गनवाल्याने सुरांना आग कशी लावली, त्याची हकिकत.

मी जुळारी. मला अर्थ नको, अक्षरं लागतात.
काना-चंद्राचे खिळे आमच्या खणात अकराच.
'रॉक' म्हटलं की एक गेला,
'कॉर्ड' म्हटलं की दुसरा. 'लॉन्ग प्ले', 'कॉन्सर्ट', 'हॉल'.
दुसऱ्या परिच्छेदातच माझं आकाश संपायचं.
मग डॉक्टर शिरगावकरांची जाहिरात
'डाक्टर' म्हणून जायची
आणि सोमवारी सकाळी त्यांचा कंपाउंडर
प्रेसच्या पायरीवर उभा.

तबकड्या त्याचा भाऊ आणायचा,
मालवाहू बोटीवरचा खलाशी,
चादरीत गुंडाळून, पेटीच्या तळाशी.
त्यातला एकही गवई अय्यूबने डोळ्यांनी पाहिला नव्हता.
तरी लिहायचा :
बासचा आवाज असा, की मचव्याच्या तळाला खडक घासतोय
आणि तांडेल काही बोलत नाहीये.
लिहायचा :
विलायती खेड्यांतली गाणी ही पोरं वीस-वीस मिनिटं ताणतात.
बासरी, फिडल, मध्येच विजेची गिटार.
आपलं नमन तरी काय वेगळं?
गण झाला की गवळण, गवळण झाली की संकासूर,
आणि कोंबडा आरवला तरी राजा दरबारातच.

हे सगळं मी उलटं वाचलं. खिळा उलटाच असतो.

आगाशे संपादक म्हणायचे,
'रत्नागिरीत हे तिघं वाचतात.
एक तू, एक तुझा भाऊ, तोही समुद्रात,
आणि तिसरा मयेकर, त्याला पगार देतो म्हणून.'

मग भाट्याच्या वाळूत काळबादेवीची पोरं वाजवायला बसली.
नमनाचा मृदंग, एक उसनी गिटार,
आणि जनरेटर, जो तिसऱ्या गाण्याला मेला.
पोरं थांबली नाहीत. गिटारवाला तोंडाने वाजवत राहिला.
अय्यूबने त्यावर अकरा पावत्या भरल्या.
आगाशेंनी चार ओळी ठेवल्या,
भरती-ओहोटीच्या वेळांखाली.

त्या रात्री मी सगळं जुळवलं.
चंद्र संपले तेव्हा कानसने
मोडके खिळे घासून चंद्र केले, वेडेवाकडे.
एकच प्रत काढली, आणि त्याला दिली.
त्याने ती आगाशेंच्या टेबलावर ठेवली. मूर्खच.
पुढच्या शुक्रवारी त्याला अर्धचंद्र मिळाला.
माझ्या खणाबाहेरचा तो पहिलाच.

मग मुंबई. एका मासिकात तीस वर्षं.
तबकडीवरच्या माणसांना शेवटी भेटलासुद्धा.
त्यातल्या एकाने विचारलं, तुमच्या गावात आमचं गाणं पोचलं कसं?
हा म्हणाला, पेटीच्या तळाशी.

प्रेस गेला. शिसं किलोवर विकलं.
मी तपकिरीच्या डबीत थोडं मागे ठेवलं.

परवा राजिवड्याला त्याच्याकडे गेलो.
दोघांच्याही गुडघ्यांचं एव्हाना जमत नाही.
म्हणाला, 'मयेकर, तू कधी ऐकलंच नाहीस ना रे यातलं काही?'
ट्रेडलने माझे कान केव्हाच नेले होते.
तरी त्याने तबकडी लावली, माझा हात पेटीवर ठेवला.
लाकूड थरथरत होतं. कधी भरभर, कधी नुसतं श्वासासारखं.
'कसं वाटलं?'
'चंद्र फार आहेत,' म्हटलं.

तबकडी संपली. उठून सुई उचलायची कुणी?
ती शेवटच्या रेघेत फिरत राहिली,
खट्, मग थोडी जागा, खट्.
तळव्याला हे माझ्या ओळखीचं होतं :
रिकामं चालणारं मशीन.
सवयीने मी
कागद लावायला हात पुढे केला.