सहावी रेघ

वडगावात वास ऐकायला कुणी बसत नाही.
वास येतो, जातो : खळीचा, रंगाचा, गटाराचा,
शेजारच्या गुंडव्वाच्या तव्यावर करपलेल्या भाकरीचा.
ऐकायला इथं माग आहेत,
पहाटे सहापासून खटाक् खटाक्,
आणि चौतीस वर्षं त्यातच उभं राहून
अण्णांचे दोन्ही कान कधीच भरून गेलेत.

भाची वसुधा नागोयाहून आली, दिवाळी टळल्यावर.
बॅगेत एक पेला, स्वेटरमध्ये गुंडाळलेला,
अभ्रकाची नखाएवढी चकती
आणि कागदाच्या पाच पुड्या.
म्हणाली, तिकडं धूप हुंगत नाहीत, ऐकतात.
मी हसलो. कुणाच्या घरात बोलतेस, म्हटलं.
आत्या आतून म्हणाली, कानडीत केळ म्हणजे ऐक,
केळ म्हणजे विचारसुद्धा.
मांड गं तू.

राख आमच्याच बंबाची, दोनदा चाळलेली.
तिच्यात निखारा पुरला, वर डोंगर केला,
माथ्यावर चकती,
चकतीवर लाकडाचा कण, तांदळाच्या कणीहून लहान.
धूर नाही. धूर आला तर चुकलं.

नेमका तेव्हाच करंट गेला.
गल्लीतले माग थांबले.
अण्णांना ते तळपायांतून कळलं.
त्यांनी फरशीकडं बघितलं,
मग पेला डाव्या हातावर घेतला,
उजव्याचं छप्पर केलं,
वाऱ्यात काडी पेटवताना करतात तसं.
तीन श्वास. पुढच्याला द्या.

नियम वसुधानं पाटीवर लिहिला :
पाच फेऱ्या, पाच उभ्या रेघा, उजवीकडून डावीकडं.
जे वास सारखे, त्यांच्या रेघा वरून जोडायच्या.
नावं सांगायची नाहीत.
अण्णांनी कागद लांब धरला :
"ह्यो तर ताणा हाय."

मी पाचही सुट्या ठेवल्या.
आत्यानं सगळ्या जोडल्या, देवाला काय वेगळं, म्हणत.
अण्णा वाकून बसलेले, एक डोळा मिटून,
तुटलेला धागा शोधताना बसायचे तसे.
पाटीवर : आजोबा, झालं?
"थांब की. ऐकूलालोय."

पहिली त्यांनी चौथीला जोडली,
दुसरी पाचवीला, एकीवरून एक, विणीसारखी.
तिसरी एकटी.
वसुधानं पुड्यांच्या आतल्या खुणा बघितल्या,
पुन्हा बघितल्या.
पण पेन्सिल थांबली नव्हती.
पाचवीच्या पुढं, थोडं अंतर सोडून,
एक सहावी, बारीक, खाली जरा वळलेली.

सहावी पुडी नाहीच, वसुधा म्हणाली, मग लिहिलं.
अण्णांनी खिडकीकडं बोट केलं.
"थांबलेल्या मागाचा.
तेल, आणि धोट्याचं तापलेलं लाकूड.
गार होताना येतो. चालू असताना न्हाई."

आम्ही तिघांनी खिडकीशी जाऊन नाकं वर केली.
मला गटारच आलं.
आत्याला भाकरी.
वसुधा कागद घेऊन उभी,
हे कुठं बसवायचं त्याचा विचार करत,
तोवर बल्ब लागला, गल्ली सुरू झाली,
आणि आम्ही सवयीनं ओरडून बोलायला लागलो.

अण्णांनी पेला पुन्हा उचलला.
राख कोमट होती.