पेला कुठल्या सालचा

आधी पुसू नका, इश्मेनियाबाय.
धूळही कधीकधी साक्ष देते.
तुम्ही फडकं घेऊन उभ्या, आणि मी
हळदोण्याच्या ह्या बलकांवात, चष्मा कपाळावर,
सहा पेले वर्तमानपत्रावर उलटे मांडून.

धंदा माझा म्हापशाचा, शुक्रवारचा.
चोणकाच्या वासापलीकडे, मडक्यांच्या रांगेत
एक चटई, तिच्यावर दुसऱ्यांच्या घरांतली कपाटं.
लोक विचारतात, किती जुनं?
मी विचारतो, काय लिहिलंय?

कारण शहर एक, आणि स्पेलिंगं तीन.
पणजीच्या मध्ये जी असेल तर पोर्तुगीज अजून गेलेले नाहीत.
जे आला, शेवटी एम तसाच, तर गेले,
पण दुकानदाराने पाटी बदललेली नाही.
एमही गळाला की समजावं,
रंगारी सरकारी.
हा तुमचा पहिला: गोवा, दमण, दीव,
तिघं एका दावणीला,
म्हणजे सत्त्याऐंशीच्या आतला.

दुसऱ्यावर पूल. मांडवीवरचा, निळा,
खाली एक होडी, जिच्यात नावाडी काढायला
चित्रकार विसरला.
हा सत्तर ते शहाऐंशी. सोपं आहे.
शहाऐंशीच्या जुलैत पूल पडला,
आणि पडलेल्या पुलाचे पेले कोण छापणार?
तुम्ही म्हणालात, त्या आठवड्यात आम्ही फेरीच्या रांगेत
चार-चार तास, मांडीवर धाकटा, अंगभर गोवर.
मी लिहून घेतलं.
गोवर नाही. साल.

तिसरा द्या. चित्रावरून नख फिरवा, असं.
लागतो ना उंचवटा?
हा रंग भट्टीत भाजलेला,
काथ्याने घासला तरी हलायचा नाही.
चौथ्यावर नख सुळकन घसरतं:
कागदावरचं चित्र, भिजवून चिकटवलेलं, नंतरचं.
माड दोन्हीकडून अगदी सारखे वाकलेत,
असे माड फक्त पर्यटकांना दिसतात.

पाचव्यावर लेंब्रांस द गोवा,
सोनेरी, वळणदार अक्षर.
तुमचे डोळे चमकले. मला हीच वेळ आवडत नाही.
बाय, सीच्या पायाखालची शेपटी कुठे आहे?
पोर्तुगीज माणूस ती विसरला नसता.
हा ते गेल्यावर, त्यांची आठवण विकायला,
फिरोजाबादेत का कुठे,
भाषा न येणाऱ्या एका हाताने केला.
तुम्ही पेला उचललात
आणि परत ठेवलात, जरा जोरात.

सहावा.
आगबोट. धुराड्याखालचं नाव पुसलेलं.
बुडाला आकडा नाही. काच किंचित पिवळट,
जोडाची रेघ काठाआधीच थांबते,
एका बाजूला बुडबुडा, तांदळाएवढा.
पन्नास ते पासष्ट. ह्याहून नेमकं
कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.
पण काठाचं सोनं पाहा, सगळीकडे शाबूत,
फक्त एका जागी गेलंय, दोन बोटं रुंद,
बरोबर आगबोटीच्या डोक्यावर.
कोणीतरी रोज इथूनच प्यायचं,
बोट आपल्याकडे वळवून.
दुसऱ्या बाजूने एकदाही नाही.

तुम्ही फडक्याची घडी घातलीत, मग घडीची घडी.
"बेर्नार्द तारवटी व्हायला गेला होता," म्हणालात.
"मुंबईत डॉक्टरने डोळे तपासले
आणि कागद परत दिला.
हिरवा-तांबडा त्याला एकच दिसायचा.
परतीच्या बोटीवर हा पेला घेतला,
आणि माझ्यासाठी एक छत्री.
छत्री लगेच मोडली."

आत कुठेतरी कुकरची शिटी झाली.
तुम्ही उठला नाहीत.
"ह्याचे किती देता?"

मी चष्मा खाली ओढला,
पेला उजेडात धरला.
तांबडी बोट.
हिरवं पाणी.