आडवी भेग

करंतीना, बैरूत. स्फोटाला नऊ दिवस झाले.
मिह्रानच्या बुटांच्या दुकानात
मी खांबावर बॅटरी धरून उभी आहे.
काचा त्याने झाडून पिंपात भरल्यात.
"दर ईस्टरला ह्याला रंग दिला मी,"
असं म्हणून तो कॉफी ठेवायला आत जातो.

खरं तर खांबाला लाट फारशी लागत नाही.
अंगाने बारीक असतो तो.
ओढ्यात रोवलेल्या काठीला पाणी वळसा घालतं
तशी ती दोन्हीकडून निघून जाते;
पुढचा दाब मागे पोचतो, फिटंफाट.
घात करते ती भिंत.
रुंद छातीवर सगळं झेलते
आणि शेजारच्या खांबांच्या कमरेत ढकलून देते.
रस्त्याकडचे दोघे म्हणूनच मधोमध वाकलेत.
वहीत लिहिलं. हे सोपं होतं.

हा मात्र मधला. भिंत ह्याला शिवलेलीही नाही.
गळ्याशी एक भेग,
केसाएवढी, चारही अंगांनी फिरून आलेली.
ओझ्याने जाते ती उभी.
आडव्या धक्क्याने जाते ती तिरकी.
आडवी भेग म्हणजे कुणीतरी ओढलं.

शटर फोडून आत आलेली हवा
कोंडली, आणि तिने स्लॅब खालून उचलला:
वरचं बिऱ्हाड, शिवणयंत्र,
गच्चीतली अर्धी भरलेली टाकी.
पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा वेळ
सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
ह्याच्या डोक्यावर काही नव्हतं.
आणि त्याचीच तर तयारी नव्हती.
काँक्रीट दाबलेलं सोसतं, ओढलेलं नाही.
मग सगळं परत आलं, आदळत,
आणि मागोमाग उलटी ओढ:
शटर रस्त्यात जाऊन पडलं.

मिह्रान कॉफी घेऊन येतो, कमरेत वाकलेला.
मी पाठीकडे बघते हे त्याला कळतं.
"स्फोटाचं नाही हे. जुनं आहे.
क्नार अकरा वर्षं अंथरुणात होती,
रोज उचलायचो, काही झालं नाही.
ती गेली त्या आठवड्यात धरली."
साखर ढवळतो. "राहील का हा?"

टेकू लावू, मी म्हणते. चार. आजच.
त्याआधी रिंगा किती अंतरावर आहेत ते बघायला
प्लॅस्टर थोडं फोडावं लागेल.

तो मान हलवतो.
कप घेऊन सवयीने खांबाशी टेकायला जातो, थांबतो.
भिंतीकडे वळतो. तिथेही थांबतो.
मग दुकानाच्या मधोमध
तसाच उभ्याने पितो.