घट

माझगावच्या बर्फ कारखान्यात एकतीस वर्षं
मी एकच रकाना भरला: घट.
कारखान्याच्या दारातून निघालेली लादी
भाऊच्या धक्क्यावर पोचेपर्यंत किती उरली,
किती गोणपाटातून गळाली,
किती हमालाच्या पाठीवरून त्याच्या चड्डीत गेली
(हे शेवटचं लिहिलं नाही कधी,
पण हिशेबात धरलं).

म्हणून फ्लॅविया डिमेलोने
टेबलावर नकाशा पसरून म्हटलं,
'आंटी, हिमनद्या दोन्हीकडून दिसतात,
प्रश्न फक्त कुठून चढायचं एवढाच,'
तेव्हा मी आधी विचारलं,
वाटेत वितळतं किती?
ती हसली.
मी थट्टा करत नव्हते.

सिएटलहून घ्या तर जाऊन-येऊन सात रात्री.
जिथे चढलात तिथेच उतरा,
विमान स्वस्त, बॅगा एकदाच उघडा.
मात्र बराचसा रस्ता उघड्या समुद्रातून.
व्हँकुव्हरहून घ्या तर एकेरी,
बेटांच्या आडोशाने, खाडी-खाडीने, वर वर,
आणि शेवटी व्हिटियर नावाच्या गावी
सोडून देणार,
जिथून जमिनीवरून बाहेर पडायला
डोंगरातला एकच बोगदा.
पुढचं तुमचं तुम्ही बघा.

दिगंबर म्हणाला, सिएटल.
मला माहीतच होतं.
पोर्ट ट्रस्टच्या पायलट लाँचवर चौतीस वर्षं सारंग.
बाहेर नांगरलेल्या जहाजापाशी पायलटला न्यायचं,
तो शिडीला लागला की लाँच वळवायची.
पनामा, मनरोव्हिया, लिमासोल
अशी नावं पाठीवर लिहिलेली जहाजं
या माणसाने हाताने चाचपली आहेत
आणि दर वेळी जेवायला घरी आलाय,
कालवण गरम असताना.
प्राँग्जच्या दिव्यापलीकडे तो गेलेला नाही.
निघताना 'येतो' म्हणायचं असतं,
सगळेच म्हणतात.
त्याने तो शब्द नोकरीसारखा पाळला.

'मला रेवसच्या लाँचमध्येसुद्धा उलट्या होतात.'
'गोळी घे.'
'लादी कधी परत कारखान्यात आली नाही, दिगंबर.'
'तू लादी नाहीस.'
इतकं बरं तो क्वचित बोलतो,
तरी मी रागातच होते.

आठ दिवस नकाशा जेवणाच्या टेबलावर.
ज्यूनोवर लोणच्याची बरणी,
केचिकनवर त्याचा चष्मा,
पॅसिफिकमध्ये आमटीचा एक डाग,
ज्याला तो तिसऱ्या दिवशी बेट समजला.

फ्लॅवियाने दोन फोटोही दिले होते.
जागा एकच.
जुन्यात बर्फ, कड्यापासून कड्यापर्यंत.
नव्यात पाणी,
आणि पाण्यात पांढरंशुभ्र एक जहाज,
जसं आम्ही घेणार आहोत तसंच,
कठड्याशी हात हलवणारी माणसं.
मी मनातल्या मनात रकाना आखला.
आरंभीची शिल्लक. घट.
खाली सही कुणाची, ते कळेना.
मोइजभाई असते तर म्हणाले असते,
बाई, उन्हाच्या नावे टाका.

नवव्या रात्री जाग आली.
स्वयंपाकघरातला दिवा चालू.
बरणी बाजूला ठेवलेली,
आणि तो अंगठा आणि तर्जनीने
बेटापासून बेटापर्यंत अंतर मोजतोय,
ओठ हलतायत,
जसे वाव मोजताना हलायचे.
व्हँकुव्हरपासून सुरू केलं होतं.
मी पाणी न पिताच परत आले.

सकाळी चहात बटर बुडवत,
माझ्याकडे न बघता:
'केबिन उजवीकडची घे.
वर जाताना किनारा उजव्या हाताला येतो.'
बटर तुटून कपात पडलं.
ते चमच्याने काढण्यात बराच वेळ गेला.
'आणि त्या पोरीला विचार,
तो बोगदा रात्री किती वाजता बंद करतात.'

मी लगेच फोन लावला.
फ्लॅविया म्हणाली, हे कोण विचारतंय, आंटी?
मी म्हटलं, सारंग.